सुट्टीच्या दिवशी भरलेली शाळा

मी परदेशी गेले ती पैनगंगेतून, परकर गुडघ्याच्या वर खोचून आणि डोक्यावर पातेल्यांचं गाठोडं घेऊन. हे सांगितलं की आमच्या घरातली तरणी मंडळी हसतात. हसू देत. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं, पलीकडे वऱ्हाड. इंग्रज नुकतेच गेले होते, पण लोक त्याला अजून इंग्रजी मुलूखच म्हणायचे. अलीकडचा राजा वेगळा, नाणं वेगळं, कचेरीतली भाषा वेगळी, आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, जिथला नाकेदार गाठोड्यात काठी खुपसून बघायचा. आता माझा नातू विमानातून जातो, त्याला परदेश म्हणतात. मला कुणी म्हणत नाही. पण नव्या मुलखात लेकराला शाळेत घालायचं म्हणजे काय असतं, हे या घरात सगळ्यांत आधी मला कळलेलं आहे, आणि ते मी कुणाला विसरू देणार नाही.

आमचं घर साखऱ्याला. बा कोरडवाहू रान करायचा, ज्वारी, तूर, थोडा कापूस. घर लहान होतं पण आवाजाने भरलेलं असायचं. पहाटे जात्याची घरघर, मग बैलांच्या गळ्यातली घुंगरं, मग चुलीत तुराट्या तडतडायला लागायच्या. माय कण्या घातलेली अंबाडीची भाजी करायची, त्यावर लसणाची फोडणी, आणि तिचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी, आणि दुभतं असलं तर ताक. एवढ्यावर आम्ही धष्टपुष्ट होतो. आज माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात डब्यांची रांग आहे आणि प्रत्येक जण काही ना काही खायचं नाही म्हणतो. माय असती तर तिने एकेकाला उखळापाशी उभं केलं असतं.

चावडीच्या शेजारी एक लांबट खोली होती, तो आमचा सरकारी मदरसा, म्हणजे शाळाच. शिकवायला एकच माणूस, मुन्शीजी. उंच, वाळलेले, करड्या शेरवानीचं खालचं बटण कायम तुटलेलं. त्यांना मराठी बोलता यायची, पण शिकवता यायची ती उर्दूच, आणि सरकारलाही तीच हवी होती. आम्ही कुणब्याची पोरं लाकडी तख्तीला पांढरी माती फासून, बोरूने उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलो. मुली म्हणाल तर मी एकटी. बाला ते फारसं पटलेलं नव्हतं, पण मायने मला तिथे नेऊन बसवलं आणि उठवून आणायची कुणाची छाती झाली नाही. घरी बा मला चुलीतल्या राखेत बोट फिरवून मराठी अक्षरं शिकवायचा, कारण पोथी वाचता आली पाहिजे एवढी एकच त्याची हौस होती. म्हणजे मला दोन्ही बाजूंनी लिहिता यायचं.

मदरशाच्या मागच्या भिंतीवर माय गोवऱ्या थापायची. खरं तर आमच्या घरची भिंत मोकळी होती, पण ती शेणाची पाटी घेऊन मुद्दाम तिथे यायची. आत आम्ही कोरसात पाढे म्हणत असायचो. "दो दूनी चार, दो तिया छे," आणि बाहेर त्याच तालावर मायचा हात भिंतीवर पडायचा, थप्, थप्. तिला अक्षर येत नव्हतं. पण वर्षानुवर्षं ऐकून सगळे पाढे तिच्या कानात बसले होते. मी कुठे चुकले की तिचा हात थांबायचा. भिंतीपलीकडची थप बंद झाली की मला कळायचं, आपण काहीतरी गडबड केली. मी मागे जाऊन नीट म्हणायची, मग थप पुन्हा सुरू. मुन्शीजींना हे ठाऊक होतं की नाही मला माहीत नाही. एकदा ते गालात हसलेले मात्र मी पाहिले होते.

शुक्रवारी मदरशाला सुट्टी. त्या दिवशी माय रिठ्याच्या पाण्याने माझं डोकं खसाखसा धुवायची, मी बोंबलायची, आणि मग त्या बोंबलण्याची भरपाई म्हणून धपाटी आणि दही मिळायचं. शुक्रवार म्हटला की अजूनही माझ्या नाकात रिठ्याचा फेस जातो.

चौथी जमात मी पास झाले आणि त्याच वर्षी सगळं बिघडलं. रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. कुठल्या गावात काय झालं याच्या बातम्या बाजारातून यायच्या, आणि घरोघरच्या बाया आपापल्या पोरींकडे बघून गप्प व्हायच्या. सेनगावच्या बाजूची कितीतरी कुटुंबं नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. बाला रान आणि बैल सोडवेनात. तो म्हणाला, "तुमी मायलेकी पुंजाकडं जा. मी हितं ऱ्हातो. समदं निवळलं की आनतो तुमाला." पुंजा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, माझा मामा. तो नदीपलीकडे वाशीमच्या अंगाला एका मोठ्या गावात राहायचा.

नाक्यापर्यंत मुन्शीजी आमच्यासोबत आले. त्या दिवसांत त्यांनी आमच्याबरोबर चालणं सोपं नव्हतं, हे आज कळतं. नाकेदाराला त्यांनी सांगितलं की ही माझी शागीर्द आहे, मामाच्या गावी चालली आहे, आणि त्याने काठी न खुपसता आम्हाला सोडलं. मुन्शीजींनी माझ्या हातात चौथी पास झाल्याचा दाखला दिला आणि म्हणाले, "बेटी, उधर जाको पढ़ना मत छोड़. समझी क्या?" मी मान हलवली. मग परकर खोचला आणि पाण्यात उतरले. पौषातलं पाणी, पाय कळ येऊन बधिर झाले.

मामाचं घर खाऊनपिऊन सुखी. मामी चांगली होती. पण पाहुणी आणि आश्रित यांत फरक असतो आणि तो आठवड्याभरात जेवणाच्या पानावर कळतो. मायने पहिल्याच दिवशी शाळेचा विषय काढला. गावात सातवीपर्यंतची मोठी कौलारू शाळा होती, मुलीही जायच्या. मामाने विडी विझवली आणि म्हणाला, "आक्का, माह्या घरात राय, माहं कायी म्हननं न्हाई. पन पोरगी बारा वर्साची झाली. तिले तिकडची उर्दू येते. हितं तिले पयलीत बसवतीन, बारक्या लेकरांत. लोक हासतीन. त्यापरीस माह्या नजरंत एक घर हाय, चांगलं हाय. उरकून टाकू."

"पाचवीत घेतली तर?" माय म्हणाली.

"पाचवीत घेतली तर शिकव मंग. मी आडवा येनार न्हाई. न्हाई घेतली तं माहं आयकायचं."

मायने ते कबूल केलं. मी उंबऱ्यात बसून ऐकत होते. सगळं आता त्या कौलारू शाळेवर येऊन ठेपलं होतं. पाचवी, नाहीतर मुंडावळ्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तर गोरे, ठेंगणे, काळी टोपी घातलेले, आणि शाळेच्या मागच्याच दोन खोल्यांत राहणारे. त्यांनी मुन्शीजींचा दाखला आधी सरळ धरला, मग उलटा धरला, आणि टेबलावर ठेवून दिला. "हे इथे कोण वाचणार? आणि वर्ष अर्धं संपलंय, बाई." मायने हात जोडले नाहीत. ती म्हणाली, "कागुद ऱ्हाऊ द्या. पोरगी समोर हुबी हाय. तिला इचारा." हेडमास्तरांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी घेऊन या. त्या दिवशी शाळा अर्धी असते. मी दोन शिक्षकांसमोर परीक्षा घेईन. पण तो दिवस चुकला तर मग एकदम जूनमध्ये."

माय घरी येताना इतक्या भराभरा चालत होती की मला पळावं लागलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी म्हणजे बेस्तरवारी, गुरुवारी. तिने माझं डोकं एक दिवस आधीच धुतलं, मामीकडून मागून घेतलेल्या तेलाने चापूनचोपून वेणी घातली, आणि गुरुवारी सकाळी आम्ही शाळेच्या ओट्यावर हजर. शाळा अर्धी नव्हती, चांगली भरगच्च भरली होती. शिपाई म्हणाला, हेडमास्तर तालुक्याला गेलेत. "आज काही नाही, जा घरी." आम्ही गेलो नाही. दुपार झाली, पोरं भाकरी खाऊन आली, पुन्हा घंटा झाली. निजामाच्या मुलखाला तिकडे मोगलाई म्हणायचे. पाण्याच्या रांजणाशी उभ्या पोरांनी मला विचारलं, "मोगलाईतली का गं तू?" आणि एकाने उजवीकडून डावीकडे हवेत लिहून दाखवलं. बाकीचे हसले. शाळा सुटली, शिपायाने दारं लावली, तरी कुणी आत बोलावलं नाही. माय उठली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. तिला वाटलं, मास्तरांनी आपल्याला मुद्दाम बनवलं. बोलावलं आणि स्वतः निघून गेले. मलाही तेच वाटलं आणि मला रडू आलं नाही, राग आला.

मामाने हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी त्या चांगल्या घराला निरोप धाडला. शुक्रवारी तर शाळेला सुट्टी, जाऊन उपयोग नाही, असं म्हणून आम्ही घरीच बसलो. शनिवारी सकाळी पाहुणे आले. तिघे जण, पांढरे फेटे, नवरामुलगा आलाच नव्हता. मला मामीची निळी साडी नेसवली होती, ती पायात येत होती. आधी चालायला लावलं, मग हात बघितले, मग भाकरी येते का विचारलं. येते म्हटलं. मग त्यांतल्या म्हाताऱ्याने सहज विचारावं तसं विचारलं, "शाळा शिकली का काही?"

मामा घाईघाईने म्हणाला, "थोडी, नावापुरती."

"चवथी पास हाय," मी म्हणाले. "उर्दूत. इंग्रजी मुलखात पाचवीत बसनार हाय."

म्हाताऱ्याने चहाची बशी खाली ठेवली. मामीने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की भीतीने, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पाहुणे फार वेळ बसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. जाताना मामाला म्हणाले, "जरा तोंडाळ हाय, पन लहान हाय. होईल सरळ. कळवतो." ते ‘होईल सरळ’ ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुण्यांची पाठ वळताच मामाने आवाज चढवला. माय शांतपणे बश्या उचलत होती. त्याचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पुंजा, त्या मास्तरनं अजून न्हाई म्हनलं न्हाई. त्याच्या तोंडून मला न्हाई ऐकायचं हाय. मंग तू म्हनशील तसं."

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी मायने ओच्यात तुरीच्या शेंगा भरून घेतल्या. किती वेळ बसावं लागेल सांगता येत नव्हतं आणि रिकामे हात तिला जमायचे नाहीत. शाळेपाशी पोचलो तर फाटकाला कडी, वर्गांना कुलपं, ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं. मला खात्री पटली की आम्ही येणार हे कळून शाळाच बंद केली आहे. आज हे लिहिताना हसू येतं, पण बारा वर्षांच्या पोरीला, जिला कालच कुणीतरी चालवून बघितलं होतं, तिला हे अगदी खरं वाटलं. मी मायला म्हटलं, "चाल घरी." ती म्हणाली, "काहून? बस." कडी काढून ती आत गेली, कुत्र्याला हाकललं, पायरीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली.

बऱ्याच वेळाने हेडमास्तर मागच्या खोलीतून तांब्या घेऊन बाहेर आले. अंगात बंडी, डोक्यावर टोपी नाही. आम्हाला बघून त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"बाई, काल मी दोन शिक्षकांना दुपारपर्यंत थांबवून ठेवलं होतं. तुम्ही आला नाहीत. आता जूनमध्ये या."

"काल?" माय म्हणाली. "तुमी सुट्टीच्या आदल्या दिशी बलावलं. आमी बेस्तरवारी आलतो. दिवसभर बसलतो हितं. तुमीच नव्हते."

"गुरुवारी कशाला? सुट्टी आज आहे. रविवार आहे आज."

"रविवारी कशाची सुट्टी? सुट्टी शुक्रवारची आसती."

मग हेडमास्तरांच्या लक्षात आलं. नदीपलीकडे निजामाच्या राज्यात शाळा शुक्रवारी बंद, इकडे इंग्रजांच्या वेळेपासून रविवारी. मामाच्या घरातलं कुणी शाळेत जात नव्हतं, आणि शेतकऱ्याच्या घराला कुठला वार सुट्टीचा? आम्हाला हे सांगणार कोण? हेडमास्तर हसायला लागले. चांगले खळखळून, तांब्यातलं पाणी सांडेपर्यंत.

"हसता काहून?" मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "तुमच्या सुट्टीपायी माझं लगीन लागून राहिलं!"

त्यांचं हसू थांबलं. पण माणूस नियमाचा. "ते खरं असेल, पण आज शाळा बंद आहे. शिक्षक नाहीत. आज काही होत नसतं."

"तुमची सुट्टी आज आसंल," माय म्हणाली, शेंगेवरची नजर न उचलता. "आमची परवा झाली. आज आमची शाळा हाय. पोरगी पायरीवर बसली, तुमी इचारा."

ते आत गेले. दार लागल्याचा आवाज झाला. माय शेंगा सोलत राहिली, टक् शेंग फुटायची आणि दाणे ओच्यात पडायचे. विहिरीवर जाणाऱ्या बाया फाटकापाशी थांबून बघायच्या आणि पुढे जायच्या. त्यांच्या बघण्याने मी आधी मेल्याहून मेल्यासारखी झाले, मग मला कसलीच लाज वाटेनाशी झाली. ऊन पायरीवर आलं, पायांवर आलं. मागच्या खोलीतून फोडणीचा वास आला. माझी भूक खवळली. मायने मूठभर कोवळे दाणे माझ्या हातावर ठेवले आणि आम्ही ते कच्चेच खाल्ले. ती एकदाही म्हणाली नाही की धीर धर. तिने फक्त बसायचं ठरवलं होतं आणि मी तिच्या शेजारी बसायचं ठरवलं होतं.

हेडमास्तर जेवून बाहेर आले तर आम्ही तिथेच. त्यांनी दारातच उभं राहून, आत जाता जाता विचारावं तसं विचारलं, "दिडकी येते का गं?"

दिडकी म्हणजे दीडाचा पाढा. मी उभी राहिले. "एक डेढ़ा डेढ़, दो डेढ़े तीन, तीन डेढ़े साढ़े चार..." मदरशात म्हणायची त्याच सुरात, त्याच मोठ्या आवाजात. फाटकापाशी पुन्हा दोन बाया थांबल्या. हेडमास्तर हात वर करून मला थांबवणार होते, मराठीत म्हण म्हणून सांगणार होते बहुतेक. पण हात अर्ध्यावर राहिला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ते मनातल्या मनात मराठीतली दिडकी म्हणत होते, मी उर्दूतली, आणि दर ओळीला आम्ही दोघं एकाच आकड्यावर येऊन पोचत होतो. बारापर्यंत गेलो, पंधरापर्यंत गेलो. "सत्रा डेढ़े साढ़े चौबीस," मी म्हणाले आणि पायरीवरचा टक् आवाज थांबला. मायचा हात शेंगेवर तसाच होता. मी श्वास घेतला. "सत्रा डेढ़े साढ़े पच्चीस." टक्. वीसपर्यंत मी थांबले नाही.

मग त्यांनी मराठी पुस्तक आणून वाचायला दिलं. मी अडखळत, पण सगळं वाचलं. राखेतली अक्षरं कामाला आली. जोडाक्षरांना ठेचा लागल्या, ते खोटं सांगत नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. "हुशार आहे मुलगी. चौथीत बसवतो."

"चवथी झाली तिची," माय म्हणाली. "झालेली येत्ता परत काहून?"

"बाई, तिची मराठी कच्ची आहे. आणि ते तिकडचं सगळं आता विसरायला हवं तिने. ते पाढे, ती लिपी. इथे त्याचा काही उपयोग नाही."

"मराठी शिकन मी," मी म्हणाले. "पन ते इसरनार न्हाई. मुन्शीजींनी शिकवलंय."

हेडमास्तरांचा चेहरा कडक झाला. "अगं, त्यांच्याच लोकांच्या भीतीने तुम्ही लोक नदी ओलांडून पळत येताय ना?"

माय उभी राहिली. ओच्यातले दाणे एका हाताने सावरलेले. "मास्तर, आमी बंदुकवाल्याच्या भेवानं आलो. पाढ्याच्या भेवानं न्हाई. मुन्शीजी नाक्यापर्यंत आमाला सोडाया आलते. तुमी आमाला पायरीवर बसीवलं."

मला वाटलं, संपलं आता. आता हे आम्हाला हाकलतील, आणि संध्याकाळी फेटेवाल्यांचा होकार येईल. हेडमास्तरांनी हातातलं पुस्तक काखेत घातलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी ये. पाचवीत. वार्षिक परीक्षेत नापास झालीस तर तुझी आई दहा दिवस बसली तरी मी ऐकणार नाही." दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आणि शुक्रवारी शाळा असते. विसरू नकोस."

"न्हाई इसरनार," मी म्हणाले. "काहीच न्हाई इसरनार."

मामाने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. फेटेवाल्यांना नकार कळवताना त्याला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या, त्या त्याने ऐकून घेतल्या. सोललेल्या तुरीची त्या दिवशी मामीने आमटी केली आणि माझ्या पानात सगळ्यांच्या आधी वाढली. मी पाचवी पास झाले. वर्गात मोगलाई म्हणून माझं नावच पडलं, आणि मी त्या नावाला ओ द्यायला शिकले. चिडवणाऱ्यांचा मग इलाज चालेना.

त्याच साली पावसाळा सरताना निजामाचं राज्य गेलं आणि बा बैलगाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. नाक्यावर कुणी नव्हतं. साखऱ्याला पोचल्यावर मी घरात न जाता आधी चावडीकडे पळाले. मदरशावर मराठी शाळेची नवी पाटी होती, सुट्टी रविवारची झाली होती, आणि मुन्शीजी नव्हते. कुणी म्हणालं हैदराबादला गेले, कुणी म्हणालं वाटेतच काही झालं. ज्याला त्याला विचारलं, ज्याने त्याने दुसरीकडे बघून ‘विसर ते आता’ म्हटलं. मागच्या भिंतीवर मायच्या गोवऱ्यांचे वाळलेले गोल डाग तेवढे होते. त्या दिवशी मी रडले, आणि ज्यांनी आम्हाला विसरायला सांगितलं त्या सगळ्यांवरचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. जायला नकोच आहे.

गेल्या महिन्यात माझा नातू बायकोमुलीसह जर्मनीला गेला. तिथली शाळा माझ्या पणतीला एक इयत्ता खाली बसवायची म्हणते, तिला तिथली भाषा येत नाही म्हणून. नातू फोनवर मला समजावत होता, "आजी, त्यांचे नियम असतात, एक वर्षाने काय होतं?" मी त्याला म्हटलं, तू बाजूला हो, पोरीला दे. पडद्यावर तिचा चेहरा आला. रडून डोळे सुजलेले. उन्हाळ्यात ती इथे होती तेव्हा मी तिला दिडकी शिकवली आहे, मुन्शीजींची. मी तिला म्हटलं, म्हण. ती नाक ओढत म्हणायला लागली, आणि मी टेबलावर हाताने ताल धरला. एका जागी ती चुकली. मी हात थांबवला. तिने मागे जाऊन पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर.

"आता ऐक," मी म्हटलं. "उद्या शाळेत गेलीस की सगळ्यांत आधी विचार, सुट्टी कुठल्या वारी असते. आणि मग ते काय म्हणायचं ते म्हणोत, पायरीवरून उठायचं नाही."